विश्लेषण : उन्हाळ्यात घरचा संगणक अचानक बंद का पडतो? प्रोसेसरचा वेग, तापमान आणि स्थैर्य घरच्या घरी कसे तपासाल?

मे महिन्यातली दुपार. पंखा गरम हवाच फिरवतो आहे. मुलीच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज अर्धा भरून झाला आहे आणि काहीही न सांगता संगणक बंद पडतो. पुन्हा सुरू केला की पाच-दहा मिनिटे चालतो, पुन्हा बंद. संध्याकाळी तोच संगणक उचलून दुकानात न्यावा, तर दुकानातल्या एसीत तो तासभर बिनतक्रार चालतो. मग ‘मदरबोर्ड गेला असेल’, ‘प्रोसेसर बदलून बघू’, ‘जुना झालाय, नवीनच घ्या’ असे सल्ले सुरू होतात आणि काही शे रुपयांच्या दुरुस्तीसाठी काही हजारांचे बिल होते.

हा दोष अनेकदा धुळीचा, वाळलेल्या थर्मल पेस्टचा किंवा अडकलेल्या पंख्याचा असतो. कधी तो खरोखरच प्रोसेसरचा असतो, कधी रॅमचा आणि कधी वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसचा. नेमके काय बिघडले आहे, हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी वेग, तापमान आणि स्थैर्य या तीन गोष्टी मोजाव्या लागतात. त्यासाठी लागणारी साधने घरगुती वापरासाठी मोफत आहेत आणि पहिल्या फेरीच्या तपासणीला एखादा तास पुरतो. हा मजकूर मोबाइलवर उघडा ठेवून समोरच्या संगणकावर एकेक पायरी करून पाहता येईल.

गिगाहर्ट्झचा आकडा काय सांगतो?

प्रोसेसर एका ठेक्यावर काम करतो. सेकंदाला १०० कोटी ठेके पडले की त्याला १ गिगाहर्ट्झ म्हणतात. म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ४४० कोटी ठेके घेतो. हा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. मदरबोर्डवरचा मूळ ठेका साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ४४ असेल तर वेग ४,४०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ४.४ गिगाहर्ट्झ.

हा गुणक स्थिर नसतो, आणि गोंधळ तिथेच होतो. २०२२ च्या सुरुवातीला आलेला आणि भारतात घरगुती संगणकांत भरपूर वापरला गेलेला इंटेल कोअर आय५-१२४०० याचे उदाहरण घेऊ. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि कमाल टर्बो वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. एकाच कोअरवर काम असेल तर तो ४.४ पर्यंत जातो. सहाही कोअर एकाच वेळी कामाला लागले की साधारण ४ गिगाहर्ट्झवर येतो. काहीच काम नसेल तर वीज वाचवण्यासाठी १ गिगाहर्ट्झच्याही खाली उतरतो. त्यामुळे ‘खोक्यावर ४.४ लिहिले होते आणि इथे ०.८ दिसते, फसवले’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. पाहायचे ते काम पडल्यावर वेग कुठवर चढतो आणि तिथे किती वेळ टिकतो.

वेग कुठे पाहायचा?

पहिली जागा विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स विभागात सीपीयू निवडल्यावर उजवीकडे प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि खाली ‘स्पीड’ व ‘बेस स्पीड’ हे दोन आकडे दिसतात. पहिला आत्ताचा वेग, दुसरा कंपनीने सांगितलेला मूळ वेग. ग्राफिक कार्ड असेल तर त्याचे तापमान विंडोज इथे दाखवते, प्रोसेसरचे मात्र दाखवत नाही.

त्यापुढचे साधन म्हणजे सीपीयू-झेड. हे छोटे सॉफ्टवेअर प्रोसेसरचे मॉडेल, कोअर, गुणक, मूळ ठेका आणि क्षणाक्षणाचा वेग एकाच खिडकीत दाखवते. त्याच्या मेमरी विभागात रॅमचा वेगही दिसतो. तिथे दिसणारा आकडा खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मा असतो. डीडीआर रॅम एका ठेक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून ३,२०० ची रॅम १,६०० दिसते. त्यात बिघाड नाही.

एक खबरदारी. अशी साधने शोधताना त्यांच्या नावाशी मिळतीजुळती, जाहिरातींनी भरलेली संकेतस्थळे वर येतात. मूळ कंपनीच्या संकेतस्थळाखेरीज कुठूनही ती उतरवून घेऊ नयेत.

जुना संगणक घेताना हे का तपासावे?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातील तापकीर गल्ली असो की समाजमाध्यमांवरील जाहिरात, ‘आय७ संगणक, अगदी स्वस्तात’ ही ओळ हमखास दिसते. आय७ हे केवळ गटाचे नाव आहे. त्यापुढचा क्रमांक जाहिरातीत नसतो आणि खरी माहिती त्या क्रमांकातच असते. २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१००, दोन्हींत चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. पहिल्याचा टर्बो वेग ३.८, तर दुसऱ्याचा ४.३ गिगाहर्ट्झ. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण नवा आय३ प्रत्येक ठेक्यात कितीतरी जास्त काम उरकतो. एका कोअरच्या कामात तो जुन्या आय७च्या साधारण दुप्पट वेगवान ठरतो. वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर केवळ गिगाहर्ट्झवरून तोलता येत नाहीत, ते असे.

दुसरा मुद्दा विंडोजचा. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. त्यामुळे जुना संगणक घेताना दुकानातच सीपीयू-झेड चालवून मॉडेलचा पूर्ण क्रमांक पाहावा. विक्रेता चालवू देत नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

तापमान किती असावे?

प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारे संवेदक असतात. प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने एक कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा सहसा १०० अंश सेल्सिअस असते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ती ९० अंश आणि रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांसाठी ९५ अंश आहे. आपल्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते.

घरगुती डेस्कटॉपसाठी ढोबळ मोजमाप असे : काही काम नसताना खोलीच्या तापमानापेक्षा १० ते २० अंश अधिक हे ठीक. पूर्ण ताण दिल्यावर ८० च्या आत राहिला तर उत्तम. ८० ते ९० मध्ये राहिला तर चालण्यासारखे, पण लक्ष ठेवावे. मर्यादेला टेकून राहत असेल तर थंड ठेवण्याची व्यवस्था अपुरी आहे.

याला दोन अपवाद आहेत. पातळ लॅपटॉपमध्ये जागाच कमी असल्याने जड कामात ९० च्या वर आकडा जाणे सर्रास घडते. आणि रायझन ७००० मालिकेतील वरच्या गटातले प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे राहण्यासाठीच बनवले आहेत, असे एएमडीने स्वतः सांगितले आहे. त्यांच्या मालकांनी ९५ चा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

खोलीचे तापमान आधी का मोजायचे?

दुकानात चालणारा संगणक घरी बंद का पडतो, याचे उत्तर एका वजाबाकीत आहे. पंखा आणि हीटसिंक मिळून प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त प्रोसेसर आणि हवा यांच्यातले अंतर कमी ठेवतात. हे अंतर एकाच कामासाठी जवळपास कायम राहते.

समजा, एसीत २६ अंशांना पूर्ण ताणाखाली प्रोसेसर ७८ अंशांवर गेला. अंतर झाले ५२ अंश. आता हाच संगणक अकोला, चंद्रपूर किंवा नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या घरात ४२ अंशांच्या खोलीत चालवला, तर प्रोसेसर साधारण ९४ अंशांवर जाईल. त्यात धुळीने अंतर आणखी दहा अंशांनी वाढले असेल, तर तो मर्यादेपार जातो. दुकानदार खोटे बोलत नसतो आणि घरचेही नाही. दोघांच्या खोल्यांत सोळा अंशांचा फरक असतो.

म्हणून प्रत्येक नोंदीसमोर खोलीचे तापमान लिहिणे आवश्यक आहे. भिंतीवरचे साधे तापमापक पुरते. मोबाइलवरचा हवामानाचा आकडा मात्र बाहेरचा असतो, संगणकाच्या टेबलाखालच्या कप्प्यातला नव्हे.

प्रोसेसरचे तापमान पाहायचे कसे?

एचडब्ल्यूइन्फो हे यासाठीचे सर्वाधिक तपशील देणारे मोफत साधन. सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ हा पर्याय निवडला की आकड्यांची लांब यादी उघडते. त्यात आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने असतात. यादी पाहून गोंधळू नये. चार ओळी पुरेशा आहेत : प्रोसेसरचे तापमान, कोअरचा वेग, प्रोसेसर वापरत असलेली वीज आणि पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे. ज्यांना इतका तपशील नको, त्यांच्यासाठी कोअर टेम्प हे सुटसुटीत साधन आहे.

यादीत मध्येच एखादा संवेदक १२७ अंश दाखवतो आणि वापरणाऱ्याची धडधड वाढते. मदरबोर्डवर ज्या जागी संवेदक जोडलेलाच नसतो, तिथून असा निरर्थक आकडा येतो. आकडा तासभर तसूभरही हलत नसेल, तर तो खरा नाही. तापमान दाखवणारी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवू नयेत, त्यामुळेही चुकीचे आकडे दिसतात.

वेग अचानक घसरतो, तेव्हा काय होत असते?

मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग आणि विजेचा दाब कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. संगणक बंद पडत नाही, पण संथ होतो. सकाळी झरझर चालणारे काम दुपारी रेंगाळते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थ्रॉटलिंगच्या ओळीसमोर ‘येस’ दिसले की निदान झाले. वेग कमी करूनही तापमान वाढतच राहिले, उदाहरणार्थ पंखा पूर्ण बंद पडला असेल, तर शेवटचा उपाय म्हणून संगणक क्षणात बंद होतो. अर्ज भरताना घडला तो प्रकार हाच असू शकतो.

मात्र वेग घसरण्यामागे दरवेळी उष्णताच असते असे नाही. आय५-१२४०० ला थोड्या वेळासाठी ११७ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. सलग कामासाठी त्याचा ठरलेला आकडा ६५ वॉट आहे. अनेक मदरबोर्ड काही सेकंदांनी त्याला ६५ वॉटवर आणतात आणि वेग थोडा उतरतो. तापमान ७० असताना वेग उतरला, तर तो विजेच्या मर्यादेमुळे, आणि ते नियमाप्रमाणेच आहे. लॅपटॉपमध्ये आणखी एक कारण असते : चार्जर कमी क्षमतेचा असेल किंवा लॅपटॉपला त्याची ओळख पटली नाही, तर काही मॉडेल प्रोसेसरला अगदी तळाच्या वेगावर बांधून ठेवतात. अशा वेळी फॉरमॅट मारून काहीही फरक पडत नाही, चार्जर बदलावा लागतो.

स्थैर्य म्हणजे काय?

वेग आणि तापमान दोन्ही ठीक असूनही संगणक अस्थिर असू शकतो. प्रोसेसरने दिलेले प्रत्येक उत्तर बरोबर असणे म्हणजे स्थैर्य. विजेचा दाब अपुरा असेल, रॅमचा वेग तिला झेपण्यापेक्षा जास्त ठेवला असेल किंवा प्रोसेसर आतून झिजला असेल, तर कोट्यवधी गणितांत एखादे चुकते. चूक महत्त्वाच्या जागी झाली तर स्क्रीनवर विंडोजचा त्रुटी संदेश येतो. तो अनेक वर्षे निळ्या पडद्यावर येत असे, विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत पडदा काळा झाला आहे. चूक कमी महत्त्वाच्या जागी झाली, तर एखादा कार्यक्रम बंद पडतो, झिप फाइल उघडत नाही किंवा फोटो अर्धा करडा दिसतो. यातला शेवटचा प्रकार सर्वांत त्रासदायक, कारण तो महिनोनमहिने लक्षातच येत नाही.

हा प्रश्न केवळ घरगुती संगणकांचा नाही. गुगल आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत, त्यांच्या डेटा सेंटरमधील काही प्रोसेसर कुठलाही इशारा न देता चुकीची उत्तरे देत असल्याचे नमूद केले होते.

मूळ संख्या आणि प्रोसेसरचा काय संबंध?

स्थैर्य तपासण्याचे सर्वांत प्रसिद्ध साधन मूळ संख्या शोधण्यासाठी बनवले गेले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये ‘जिम्प्स’ हा प्रकल्प सुरू केला. २ चा अमुक एक घात वजा १ अशा रूपातल्या महाकाय मूळ संख्या जगभरातील स्वयंसेवकांच्या संगणकांवर शोधायच्या, असा तो उपक्रम. त्यासाठीचे सॉफ्टवेअर म्हणजे प्राइम९५. एका संख्येची तपासणी दिवसेंदिवस चालते आणि मध्ये एक आकडा चुकला तरी सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी संगणक भरवशाचा आहे का, हे पाहण्यासाठी त्यात ‘टॉर्चर टेस्ट’ देण्यात आली. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत, अशी गणिते प्रोसेसरला पूर्ण ताकदीने सोडवायला लावायची आणि उत्तर ताडून पाहायचे, ही तिची रीत.

या क्षेत्राने खुद्द कंपन्यांच्या चुकाही पकडल्या आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जुळ्या मूळ संख्यांवरील गणनेत इंटेल पेंटियमचा भागाकार चुकत असल्याचे आढळले. त्या प्रकरणात इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला. २०१६ च्या सुरुवातीला प्राइम९५ चालवताना इंटेलचे तेव्हाचे नवे स्कायलेक प्रोसेसर गोठत असल्याचे समोर आले. कंपनीने दोष मान्य केला आणि बायोस अद्ययावत करून तो दूर करण्यात आला.

घरी चाचणी कशी घ्यावी?

सुरुवातीलाच दोन गोष्टी. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावी, कारण अस्थिर संगणक चाचणीदरम्यान फाइल बिघडवू शकतो. आणि चाचणी सुरू करून स्वयंपाकघरात किंवा बाजारात निघून जाऊ नये.

पहिली पायरी, शांत अवस्था. संगणक सुरू करून दहा मिनिटे तसाच सोडावा. खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान वहीत लिहावे.

दुसरी पायरी, सिनेबेंच. हे मोफत सॉफ्टवेअर एक त्रिमितीय चित्र पुन्हा पुन्हा रंगवते. त्याची दहा मिनिटांची चाचणी निवडावी. सोबत एचडब्ल्यूइन्फो उघडे ठेवून पहिल्या आणि दहाव्या मिनिटाचा वेग, तसेच कमाल तापमान नोंदवावे. रोजच्या जड कामाशी सर्वांत जुळणारी चाचणी हीच. शेवटी मिळणारे गुण त्याच मॉडेलच्या इतरांच्या गुणांशी ताडून पाहावेत. थोडा फरक चालेल. पण गुण पाऊणपटीच्याही खाली असतील, तर उष्णता, वीज किंवा एकच रॅम लावलेली असणे, यांपैकी काही तरी आडवे येत आहे.

तिसरी पायरी, प्राइम९५ किंवा ओसीसीटी. प्राइम९५ पहिल्यांदा उघडल्यावर ते प्रकल्पात सामील व्हायचे का, असे विचारते. तिथे ‘जस्ट स्ट्रेस टेस्टिंग’ निवडावे. ‘स्मॉल एफएफटी’ ही चाचणी प्रोसेसरला सर्वाधिक तापवते, तर ‘ब्लेंड’ रॅमलाही कामाला लावते. घरगुती संगणकासाठी अर्धा ते एक तास पुरतो. एखाद्या कोअरचे उत्तर चुकले, तर ‘फेटल एरर’ असा संदेश येऊन त्या कोअरची चाचणी थांबते. कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर चालणाऱ्या संगणकात अशी एकही चूक यायला नको. एकदा आली तरी संगणक अस्थिरच समजावा. ही चाचणी रोजच्या वापरापेक्षा खूपच कडक असल्याने सिनेबेंचपेक्षा तापमान जास्त दिसणे साहजिक आहे. प्राइम९५ ची वाटचाल किचकट वाटत असेल, तर ओसीसीटी वापरावे. त्यात आलेख आणि चुकांची मोजणी एकाच खिडकीत दिसते.

चौथी पायरी, रॅम. प्रोसेसरवर येणारा संशय अनेकदा रॅमवर फेडावा लागतो. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यातून सुरू करावा आणि रात्रभर चार फेऱ्या होऊ द्याव्यात. लाल रंगातली एकही चूक म्हणजे रॅम, तिचा स्लॉट किंवा तिचे सेटिंग सदोष. बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारे पर्याय बंद करून पुन्हा तपासावे. चुका थांबल्या, तर रॅम त्या वेगाला टिकत नाही, एवढाच अर्थ.

पंख्यातून घरघर, जळका वास, तापमान मर्यादेला टेकून वेग मूळ वेगाच्याही खाली जाणे, यांपैकी काहीही दिसले की चाचणी लगेच थांबवावी.

इंटेलच्या २०२४ च्या प्रकरणातून काय कळले?

स्थैर्याची चाचणी हा केवळ हौशी मंडळींचा खेळ नाही, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील महागडे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा तो ग्राफिक कार्डची मेमरी संपल्याचा. अनेकांनी आधी ग्राफिक कार्डालाच दोष दिला. प्रत्यक्षात गेमच्या दाबून ठेवलेल्या फाइल्स उलगडताना प्रोसेसरकडून गणित चुकत होते.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने कारण सांगितले. प्रोसेसरमधील मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब मागत होता. सप्टेंबरमध्ये कंपनीने अधिक तपशील दिला. जास्त दाब आणि तापमानामुळे प्रोसेसरमधील ठेका पुरवणारा भाग झिजत होता आणि मग स्थिर चालण्यासाठी लागणारा किमान दाबच वाढत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, तसेच मे २०२५ मध्ये नवे मायक्रोकोड देण्यात आले. ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून मिळतात. मात्र आधीच झालेली झीज त्यातून भरून निघत नाही. त्यामुळे कंपनीने बाधित मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, म्हणजे किरकोळ खोक्यात घेतलेल्या प्रोसेसरसाठी तीनऐवजी पाच वर्षे. यात प्रामुख्याने आय७ आणि आय९ गटातील प्रोसेसर होते. लॅपटॉपमधील प्रोसेसरना हा दोष नसल्याचे कंपनीने सांगितले.

ज्यांच्याकडे असा प्रोसेसर आहे, त्यांनी बायोस अद्ययावत आहे का हे आधी पाहावे आणि मग चाचणी घ्यावी. चुका येत असतील तर खरेदीचे बिल शोधून वॉरंटीचा दावा करावा. बायोस अपडेट करताना मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय हे काम करू नये.

मग दोष नेमका कुणाचा?

तापमान वाढत जाऊन मर्यादेवर संगणक बंद पडला, तर थंड ठेवण्याची व्यवस्था दोषी. तापमान ६०-७० असताना, ताण पडताच दिवा गेल्यासारखा बंद पडला, तर एसएमपीएस, वीजजोडणी किंवा यूपीएस आधी तपासावा. बंद न पडता त्रुटीचा पडदा आला किंवा प्राइम९५ मध्ये चूक आली, तर रॅम, तिचे सेटिंग, बायोस आणि शेवटी प्रोसेसर, या क्रमाने जावे. प्रोसेसर सहसा सर्वांत शेवटी बिघडणारा भाग आहे, दुकानात मात्र त्याचे नाव बरेचदा आधी घेतले जाते.

विंडोजची स्वतःची नोंदवहीही मदतीला येते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे शोधल्यावर रिलायबिलिटी हिस्ट्री उघडते. त्यात कोणत्या दिवशी काय बंद पडले, याचा आलेख असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की अनेक जण वीजपुरवठ्यालाच दोष देतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता थांबला. कारण ती सांगत नाही. ‘व्हिया-लॉगर’ या नावाच्या नोंदी मात्र गांभीर्याने घ्याव्यात, कारण हार्डवेअरने स्वतः दिलेली ती तक्रार असते.

घरच्या घरी कोणते उपाय करता येतील?

सर्वांत आधी जागा बदलावी. संगणकाच्या टेबलातला कॅबिनेटसाठीचा बंद कप्पा बाहेरून नीटनेटका दिसतो, पण आत गरम हवा कोंडते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून, मागे वीतभर जागा ठेवून पुन्हा चाचणी घेतली तरी आकडा उतरलेला दिसतो. धुळीसाठी घातलेले कापडी कव्हर संगणक चालू असताना काढलेले असावे.

मग धूळ. वायर काढून, बाजूचे झाकण उघडून, ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने हीटसिंकच्या फटी मोकळ्या कराव्यात. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा भरधाव फिरून खराब होतो. आत हात घालण्यापूर्वी धातूच्या भागाला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी.

तरीही तापमान उतरले नाही, तर थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि हीटसिंकमधील सूक्ष्म फटी भरणारी ही पेस्ट काही वर्षांत वाळते. जुनी पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावावी. इंटेलच्या खोक्यासोबत मिळणाऱ्या पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एखादी नीट बसलेली नसणे, हाही नेहमीचा दोष. एक कोपरा उचललेला असेल, तर महागडी पेस्टही उपयोगी पडत नाही. सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

दुकानात जाताना काय न्यावे?

चार आकडे : खोलीचे तापमान, शांत अवस्थेतील तापमान, दहा मिनिटांच्या ताणानंतरचे कमाल तापमान आणि तेव्हाचा वेग. सोबत त्रुटीच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. ‘संगणक सारखा बंद पडतो’ असे सांगण्याऐवजी ‘४० अंशांच्या खोलीत सहा मिनिटांत ९९ अंशांवर जातो आणि वेग २ गिगाहर्ट्झवर येतो’ असे सांगितले, तर तंत्रज्ञ आधी पंखा आणि पेस्ट पाहील. दुरुस्तीनंतर तीच दहा मिनिटांची चाचणी दुकानातच पुन्हा घ्यायला सांगावी आणि खोलीच्या तापमानासह नवे आकडे जुन्यांखाली लिहून घ्यावेत. प्रोसेसर आणि खोलीच्या तापमानातले अंतर कमी झाले असेल, तरच काम झाले असे समजून पैसे द्यावेत.